कपाटामागची भिंत

एजंट सुकुमार म्हणाला, रंग ताजा आहे,
बघायचं काय त्यात.
धुळाप्पामामा म्हणाले, ताजा आहे म्हणूनच.

मामा वीज मंडळातून निवृत्त.
घरात शिरण्याआधी मीटरपाशी थांबले.
मला म्हणाले, आत जा, सगळी बटणं बंद कर.
केली. तरी मीटरचा लाल दिवा
लुकलुकत राहिला.
"दिवा नाही, पंखा नाही, माणूस नाही.
मग हा कुणाचं खातोय?"
सुकुमारनं जिन्याकडे बघितलं.
वर मगदूम काकूंची मोटार
टाकीत पाणी चढवत होती.

नळाला दुपारी पाणी नव्हतं.
"सकाळी येतं की, धो धो."
मामा म्हणाले, मग सकाळी येऊ.
आणि खरंच आलो, सहाला, बादली घेऊन.
ती भरेस्तोवर गावभागातली ती गल्ली
जागी होत गेली.
कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता,
त्याला विचारलं, आधी कोण राहायचं?
म्हणाला, कोण कोण सांगू?
आणि कॉलरवर पाणी शिंपडलं.

कपाट लोखंडी, मालकांचं, भिंतीला चिकटून.
"ते राहू दे, जड आहे."
जड होतंच. मामा एकीकडून, मी दुसरीकडून.
मागे रंग पोचला नव्हता.
पोचला नव्हता तिथे एक रेघ होती,
वाळलेल्या चहाच्या रंगाची, सरळ,
कुणी पट्टी लावून ओढावी तशी.
मी पाठ टेकवून उभी राहिले.
रेघ माझ्या हनुवटीला लागली.

मी जतची.
आमच्या भिंतीवरही पाण्याच्या रेघा असायच्या,
कोळशाच्या, उभ्या,
टँकर आला की आई एक ओढायची,
पाच झाल्या की आडवी फुली.
पाणी भिंतीवर असंही लिहितं,
हे मला ठाऊक नव्हतं.

काकू खाली आल्या, हाताला हळकुंडाचा वास.
मला वाटलं, आता काहीतरी सांगतील,
ओल आहे, गळती आहे, जुनं आहे.
"एकोणीस सालची," म्हणाल्या. "आठ दिवस होतं.
विचारलं असतंस तर सांगितलं असतं.
कुणी विचारतच न्हाई गं.
डिपॉझिट किती, एवढंच विचारत्यात."

मग जिन्याच्या पायरीवर बसून
आम्ही कराराची पानं वाचली, बोटानं, मोठ्यानं.
खिळा ठोकणार नाही.
पाहुणा दोन रात्रींवर ठेवणार नाही.
(अंड्याचं कुठंच लिहिलेलं नव्हतं,
ते सुकुमार आदल्या दिवशीच हळू आवाजात बोलला होता.)
अनामत रक्कम योग्य वेळी परत.
मामा म्हणाले, योग्य वेळ कुणाच्या घड्याळातली?
काकूंनी 'योग्य वेळी' खोडलं, लिहिलं: चावी देताना.
मोटारीचं कनेक्शन वरच्या मीटरवर,
महिना संपायच्या आत.
सातव्या कलमावर मामांचं बोट थांबलं.
नैसर्गिक आपत्तीस मालक जबाबदार नाही.

कुणीच बोललं नाही.
खाली गटाराला पाणी वाहण्याचा आवाज येत होता.

"नदी मी आणत न्हाई," काकू म्हणाल्या.
"खरंय," मामा म्हणाले. "पण माळा तुमचा आहे."

काकूंनी पेन मागितलं.
शाळेतल्या वळणदार अक्षरात, समासात लिहिलं:
आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेल्यास
भाडेकरूने सामान वरच्या मजल्यावर आणावे.
जागेचे पैसे नाहीत.
थोडं थांबून पुढे जोडलं: स्वतःही यावे.
नोटरीनं ते वाचलं, चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं,
आणि शिक्का मारला.

त्या रात्री कपाट पुन्हा भिंतीला लावलं नाही,
हात जाईल एवढी फट ठेवली.
भाकरीचं पीठ, पुस्तकं, गादी
जिथल्या तिथं, जमिनीवरच.
फक्त कराराची माझी प्रत
आणि लॅब टेक्निशियनचं सर्टिफिकेट
वरच्या कप्प्यात ठेवलं,
रेघेच्या वीतभर वर.